चांदवलीची बातमी

हिरडाटोल्याच्या तलावात कोण आलं आणि कोण गेलं, हे सगळ्या गावाला सकाळी सात वाजता कळायचं. मच्छीमार संस्थेच्या कौलारू खोलीवर एक भोंगा होता आणि भोंग्याच्या अलीकडच्या टोकाला मोनाली वलथरे. चौतीस वर्षांची, संस्थेची सचिव, आवाज खणखणीत आणि पहिला चहा पोटात जाईपर्यंत कुणाशी धड न बोलणारी. पण रोजची ही दहा मिनिटं मात्र ती गावाशी बोलायची. गावही अंगणात, चुलीपाशी, बांधावर दात घासत ऐकायचं. भंडारा-गोंदियाच्या त्या पट्ट्यात तलाव पुष्कळ, पण स्वतःची बातमी असलेला तलाव हा एकच, याचा हिरडाटोल्याला मोठा तोरा होता.

“नमस्कार. ऐका तलावाची बातमी,” त्या दिवशीही तिनं सुरुवात केली. “पाण्यात प्राणवायू चांगला आहे. मासळीत मरळ आहे, वाघूर आहे, शिंगी आहे. थंडीची पाहुणी तलवार बदकं काल उतरली. दक्षिणेच्या बंदिस्त भागात म्हशी आल्या होत्या. आता हे शेवटचं सांगते आहे. आणि एक डुक्कर.”

डुकराच्या बातमीवर वरच्या आळीत हशा पिकला. डुक्कर कुणाचं, ते ही यादी देणाऱ्या यंत्राला ठाऊक नसलं तरी गावाला ठाऊक होतं.

यादीतली शेवटची ओळ मोनालीनं आधी मनातल्या मनात वाचली, आणि तिची जीभ अडखळली. तिनं स्क्रीन पुसली. ओळ तिथंच होती.

“आणि चांदवली,” ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “चांदवली. नोंद लहान आहे, पण आहे.”

चांदवली म्हणजे हातभर नव्हे, वीतभर मासा. रुपेरी, शेपटीजवळ काळा तीळ. एकेकाळी हिरडाटोल्यात बाळंतिणीच्या ताटात पहिला मासा पडायचा तो हाच. सहा वर्षांत तो कुणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. बाहेरून आणलेले झपाट्यानं वाढणारे मासे, बांधापलीकडच्या शेतांतली तणनाशकं आणि पाण्यातली उपटून टाकलेली झाडं, सगळ्यांनी मिळून त्याला संपवलं होतं. त्यामुळे बातमी संपायच्या आत बांधावर माणसं गोळा झाली. म्हाताऱ्या बाया पदर खोचून पाण्याकडे टक लावून बसल्या, जणू चांदवली डोकं वर काढून रामराम करणार होती. कुणीतरी गूळ वाटला. संस्थेचे अध्यक्ष शालिक नान्हे अर्धी दाढी केलेले, अर्धी राहिलेली, असे धावत आले.

“पोरी, खरं का?” त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते.

“यंत्र खोटं कायले सांगन, काका?” मोनाली म्हणाली, आणि हसता हसता तिलाही भरून आलं.

घरी आली तेव्हा तिचा बाप, डोमा वलथरे, चुलीपाशी बसला होता. हातात चहा. त्यानं विचारलं, “यंत्रानं नक्की पाह्यलं का?” ती हो म्हणाली. त्यानं अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि तो परसात निघून गेला. आनंदानं माणूस असाही गप्प होतो, असं तिला वाटलं.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. गाव त्याला चोंबडी म्हणायचं, कारण सगळ्यांच्या घरातलं तिला कळायचं आणि कळलेलं तिच्या पोटात राहायचं नाही. बांधाच्या टोकाला सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली ती हिरवी पेटी. तिचं काम मात्र खरोखर कौतुकाचं होतं.

पाण्यातला प्रत्येक जीव थोडा थोडा झडत असतो. मासा अंगावरचा चिकटा सोडतो, बदक शीट टाकतं, म्हशीचे केस गळतात, बेडूक कात टाकतो. त्या प्रत्येक कणात त्या जिवाची ओळख सांगणारा डीएनएचा धागा असतो. चोंबडी पहाटे लोटाभर पाणी ओढून घ्यायची, एका अतिशय पातळ पडद्यातून ते गाळायची, पडद्यावर अडकलेले कण फोडून आतले धागे मोकळे करायची आणि एकेक धागा वाचून आपल्याजवळच्या संग्रहाशी ताडून पाहायची. नागपूरच्या संशोधन केंद्रात बरणीत जपलेल्या एका चांदवलीची खूणही त्या संग्रहात होती. जाळं टाकायला नको, पाणी ढवळायला नको. जो पाण्याला शिवला तो चोंबडीला सापडला.

माणसंही झडतातच. म्हणून माणसाचं वाचायची तिला कायद्यानं बंदी होती. नाहीतर कोण कुणाबरोबर कुठल्या घाटावर उतरलं तेही सात वाजता भोंग्यावर आलं असतं आणि गावात एकही लग्न टिकलं नसतं. माणसाचे धागे सापडले की ती ते न वाचता एका कुलूपबंद कप्प्यात टाकायची. अपवाद एकट्या मोनालीचा. पडदा रोज तीच बदलायची, तिच्या हातांचे धागे त्याला लागायचेच. ते ओळखून वजा करता यावेत म्हणून तिची खूण चोंबडीला देऊन ठेवली होती.

आता त्या गुळाची गोडी एवढी का होती, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मोनालीनं गावातल्या बायांना घेऊन तलावाच्या दक्षिण भागात पाणवनस्पती लावल्या होत्या. गुडघाभर चिखलात उभं राहून, एकेक रोप बोटानं रोवून. काम तिच्या आईनं, सत्यफुलानं, सुरू केलेलं. सत्यफुला सहा वर्षांपूर्वी काविळीनं आठ दिवसांत गेली, तेव्हा नागपूरची नोकरी सोडून मोनाली गावी आली आणि राहिली. तिच्या लग्नाचा विषय गावानं चार वर्षं चघळून शेवटी सोडून दिला. रोपं जगावीत म्हणून तिनं संस्थेकडून नियम करून घेतला होता: दक्षिण भागात जाळं न्यायचं नाही, ओलं नाही की कोरडं नाही. जो नेईल तो वर्षभर संस्थेबाहेर. त्याला मासेमारी नाही, मतही नाही.

दोन वर्षं अर्ध्या तलावावर त्रेचाळीस घरांनी पोट आवळून काढली. आणि आता बाहेरचा एक ठेकेदार पंधरा वर्षांसाठी अख्खा तलाव मागत होता. झाडं काढणार, खाद्य टाकून मोठे मासे वाढवणार, कुंपण घालणार, गावाला बांधलेलं उत्पन्न देणार. आठ दिवसांनी सभेत त्यावर मतदान होतं. “झाडं लावून पोट भरत नाई, पोरी,” असं शालिककाका महिनाभर म्हणत होते, आणि त्यात काही खोटं नव्हतं. चांदवलीची बातमी आली आणि काकांनी मतच फिरवलं. जी गेली ती परत येते म्हणजे आपला तलाव जिवंत आहे, असं ते दिसेल त्याला थांबवून सांगू लागले.

तिसऱ्या दिवशी चांदवलीची नोंद आणखी बारीक झाली. पाचव्या दिवशी ती नव्हतीच.

“लाजरी हाये,” बाया म्हणाल्या. “नवी नवरी पहिल्या दिवशी दिसते, मंग घरात जाते.”

मोनालीनं मात्र पहिल्या दिवशीच तो पडदा नागपूरला केंद्राकडे पाठवला होता. सहाव्या दिवशी दुपारी निलोफर शेख विजेच्या बसमधून उतरली. चोंबडी बसवायला आली होती ती हीच, तेव्हापासून दोघींची मैत्री. एरवी ती आल्या आल्या मोनालीच्या हातचं वाघराचं कालवण मागायची. आज तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. दोघी बांधावर जाऊन बसल्या.

“धागा ताजा असला की लांब असतो,” निलोफर म्हणाली. “पाण्यात पडला की ऊन आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. या थंडीत चार-सहा दिवसांत संपतो. पण कोरड्या, अंधाऱ्या जागी राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. तिथंही मोडतोच, पण वेगळा मोडतो. जुनी साडी कशी घडीवर विरते, तसा ठरावीक जागी. तुझी रोजची यादी फक्त नावं देते, तुकडे मोजत नाही. आम्ही मोजले.”

“मंग?”

“तुझी चांदवली सहा-सात वर्षं कोरडी पडून होती, मोनाली. आठवड्यापूर्वी पाण्यात आली. कुणीतरी काहीतरी धुतलंय.”

समोर तलवार बदकं पाण्यात उलटी होऊन झाडांची मुळं चाचपत होती. मोनाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे शालिककाकांची अर्धी दाढी आली.

“अजून एक आहे,” निलोफर म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “कुलूपबंद कप्पा मी उघडलेला नाही. पण यंत्रानं स्वतःच तक्रार नोंदवून ठेवली होती. तुझं वजा करताना त्याचं गणित जुळेना. तुझं सगळं गेलं, तरी तुझ्यासारखंच काही उरलं. जुनं, त्या चांदवलीइतकंच जुनं. तुझ्याशी निम्मं जुळणारं.”

“बाबा आले असतील पाण्यात.”

“जुनं म्हणतेय मी. आणि एक धागा असा असतो, जो लेकराला फक्त आईकडून मिळतो, जशाच्या तसा. बापाचा त्यात वाटा नसतो. तो पुरता जुळतोय. तुला भाऊ-बहीण कुणी?”

“नाई.”

मोनालीला आधी काहीच कळलं नाही, आणि मग सगळं एकदमच कळलं. ती उठली, पुन्हा बसली. पाण्याकडे बघून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि लहान पोरीसारखी रडली. सहा वर्षांपूर्वी आई गेल्यावर ती रडली नव्हती. तेव्हा सगळी धावपळच होती.

बऱ्याच वेळानं निलोफर म्हणाली, “माझा अहवाल महिनाअखेरीस जाईल. सभा परवा आहे ना? त्याआधी काय सांगायचं, ते तू ठरव. बातमी तुझी आहे.”

डोमा परसात बांबूच्या काड्या सोलत बसला होता. मोनाली समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, मायचं जाळं कुठी हाये?”

“कोठीत,” त्यानं मान वर केली नाही.

“ओलं का कोरडं?”

डोमाचा हात थांबला. विळा त्यानं हळूच बाजूला ठेवला.

हिरडाटोल्यातल्या ढिवर मच्छीमारांची एक रीत होती. बाई असो की बाप्या, मासे धरणारं माणूस गेलं की त्याचं हातजाळं लगेच कुणी वापरत नसे आणि टाकतही नसे. वर्षाच्या आत घरचं कुणीतरी ते घेऊन, तो माणूस ज्या घाटानं पाण्यात उतरायचा त्याच घाटावर जाऊन धुवायचं. त्याला जाळं सोडवणं म्हणत. मग ते जाळं ज्याला हवं त्यानं घ्यावं. घाट ज्याचा त्याचा ठरलेला, बदलायचा नाही. सत्यफुलाचा घाट दक्षिणेला होता.

“वर्सात सोडवाचं होतं,” डोमा म्हणाला. “मले होयेना. तिच्या हाताचा वास होता त्या दांड्याले. धुतलं का गेली. म्हून ठेवलं. मंग तुनं बंदी घातली. ओलं नाई, कोरडं नाई. कोन्या तोंडानं मांगू तुले?”

“मले एकदा सांगतलं असतं तं, बाबा...”

“का सांगू? गावाच्या भल्याचं काम करून रायली होतीस.” तो थोडा वेळ बोटांतल्या कुसळाशी खेळत राहिला. “मागल्या महिन्यात मी पोस्टातून घरी याची वाट इसरलो. शालिकनं आनून सोडलं, तुले नोको सांगू म्हनलो. तवापासून एकच धास्ती होती. एक दिवस कोठी उघडीन अन हे जाळं कोनाचं, तेच इसरून जाईन. म्हून गेलो पहाटं. आठवन हाये तवरच धुतलं.”

मोनाली त्याच्याजवळ जमिनीवर बसली. बापाला रागवावं की पोटाशी धरावं, हे तिला ठरवता येईना. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं त्याला बांधावर जे ऐकलं ते सोप्या शब्दांत सांगितलं: जाळ्याच्या गाठींत सहा वर्षांपूर्वीच्या चांदवलीचा चिकटा सुकून बसला होता, आणि दांड्याला आईच्या हाताचा घाम. पाण्यात गेल्यावर दोन्ही सुटले.

“म्हंजे चोंबडीनं तिले पाह्यलं?” डोमानं विचारलं.

“पाह्यलं. चार दिवस होती पाण्यात.”

“चार दिवस!” म्हातारा हसला. दुपट्ट्यानं डोळे पुसत पुन्हा हसला. “मी म्हनलो, बुडवलं का लगेच गेली असन. चार दिवस रायली, बाप्पा!”

मग जरा वेळानं शहाण्या माणसासारखा तो म्हणाला, “हे भोंग्यावर वाचू नोको. मले बाहेर काढतीन त्याचं काई नाई. पर वलथऱ्याच्या घरचं मत जाईन. घरामागं एक मत. तुले तं मतच नाई. अन परवा एकेका हाताले किंमत हाये.”

तो म्हणाला ते खरं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मोनालीची गत झाली. गप्प राहिलं तर आईचा तलाव वाचत होता, बापाची लाज राखली जात होती, गाव खुशीत होतं. आणि खोटं बोलायचंही नव्हतं. फक्त एक बातमी द्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तसंच केलं. मरळ, वाघूर, बदकं वाचली, ‘आज चांदवलीची नोंद नाही’ म्हणाली आणि भोंगा बंद केला. स्वतःचाच आवाज तिला परक्या बाईचा वाटला.

बाहेर शालिककाका उभे होते. “पाह्य, मोनाली,” ते म्हणाले, “मी ठेक्याच्या बाजूचा मानूस. बायको अजूनबी म्हन्ते, घ्या ठेका, नातवाईले दोन घास सुखाचे भेटतीन. पर तुही बातमी ऐकली अन माह्यं मन फिरलं. तुनं सांगतलं म्हून मत देऊन रायलो, दुसऱ्यानं सांगतलं असतं तं देलं नसतं.”

काकांचा हा विश्वासच तिला सोसवला नाही. त्यांनी शिवी दिली असती तर ती कदाचित गप्प राहिली असती.

सभेच्या दिवशी सकाळी सातला भोंगा लागला.

“ऐका तलावाची बातमी,” मोनाली म्हणाली. “चांदवलीची नोंद नाही. आणि आधीची जी होती, ती जिवंत चांदवलीची नव्हती. माझ्या आईचं जाळं सहा वर्षं आमच्या कोठीत होतं. माझ्या बाबांनी ते तिच्या घाटावर सोडवलं. त्यातल्या सुकलेल्या मासळीचा अंश पाण्यात आला आणि यंत्रानं तो वाचला. यंत्र चुकलं नाही. अर्थ मी चुकीचा लावला. नियम मी लिहिला होता, तो माझ्याच घरानं मोडला. तलावात चांदवली नाही. संध्याकाळी मत देताना हे लक्षात ठेवून द्या.”

एवढं बोलून ती थांबली. पण भोंगा बंद करायचं विसरली, आणि पुढची दोन मिनिटं सगळ्या गावानं तिचं रडणं ऐकलं. शेवटी खालच्या आळीतली पारबता दिघोरे ही सत्तरीची बाई काठी टेकत खोलीत आली आणि तिनंच बटण दाबलं.

सभा चार वाजता संस्थेच्या अंगणात भरली. निलोफर नागपूरला परतली होती. मोनाली वही घेऊन एका बाजूला बसली. लोकांची तोंडं उतरलेली होती. आठ दिवसांपूर्वी खाल्लेला गूळ आता कडू लागत होता.

“कुंपनानंच शेत खाल्लं,” मागून कुणीतरी म्हणालं. मोनालीनं मान खाली घातली.

शालिककाका उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “नियम तो नियम,” ते म्हणाले. “डोमा वलथरे वर्सभर संस्थेच्या बाहेर. कोनाले काई बोलाचं हाये?”

डोमा हात जोडून दाराशी उभा होता. उठली ती पारबताबाई.

“मले बोलाचं हाये,” ती म्हणाली. “माह्या घरी बी जाळं हाये. धन्याचं. दीड वर्स झालं त्यायले जाऊन. त्यायचा घाट बी दक्षिनेले. माळ्यावर ठेवलं हाये, येता जाता दिसते. मी कोनाले सांगतलं नाई, पोरीचं काम मोडन म्हून.”

मग कोपऱ्यातून एक बाप्या म्हणाला, “आमच्या मायचं बी हाये.” आणखी एकजण उठला. मग एक तरुण सून, जिचा दीर गेल्या साली गेला होता. दोन वर्षांत दक्षिण घाटाची सहा माणसं गेली होती आणि सहा जाळी सहा घरांत कोरडी लटकत होती. ढिवराच्या घरात जन्मून मोनालीला हे कळलं नव्हतं. नियम लिहिताना तिनं पाण्याचा विचार केला होता, झाडांचा केला होता, माशांचा केला होता. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“माझं चुकलं,” ती उठून म्हणाली. “मी कुणाला विचारलंच नाही. वर्षातला एक दिवस जाळी सोडवायला ठेवायला हवा होता. त्यानं एकही रोप मेलं नसतं.”

“तू लहान हायेस, शिकशील,” पारबताबाई म्हणाली आणि काठी शालिककाकांकडे रोखली. “पर अध्यक्ष, मले एक सांग. ठेका देला, त्यानं कुंपन घातलं. पंधरा वर्स. तं मी मेल्यावर माह्यं जाळं कोन्या पान्यात सोडवाचं? त्याच्या फाटकावर अर्ज करून का?”

ठेक्याच्या बाजूनं काही माणसं बोलली, आणि चांगलं बोलली. मेलेल्यांची सोय करताना जित्यांचं पोट विसरू नका, असं एकानं सांगितलं, आणि त्याच्या घरात खाणारी आठ तोंडं होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तासभर घासाघीस झाली. मासा आला म्हणून फुगलेलं मत आता खाली बसलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी, सावकाश, एकेका माणसाच्या मनात उभं राहत होतं. ते पुरेसं होईल की नाही, हे मोनालीला सांगता येत नव्हतं. त्रेचाळीसातलं एक घर कमी झालं होतं, आणि ते तिच्याच तोंडानं कमी झालं होतं.

शेवटी शालिककाकांनी हात वर करायला सांगितले. आधी ठेक्याच्या बाजूचे. बोट फिरवत त्यांनी मोजले आणि मोनालीला म्हणाले, “लिव. एकवीस.”

तिनं लिहिलं. उरले एकवीस. अर्ध्यावर अर्धं झालं तर ठेका अडत नव्हता. तसा संस्थेचा जुना ठराव होता.

“आता इरोधात,” काका म्हणाले, आणि पहिला हात त्यांनी स्वतःचाच वर केला. त्यांच्या बायकोनं पाटावरून त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि मोजायला लागले. पारबताबाई, तरुण सून, कोपऱ्यातला बाप्या. सतरा, अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. बोट दारापर्यंत गेलं आणि तिथं थांबलं.

दाराशी डोमाचा हात वर होता. शिक्षा तो विसरला होता की विसरल्यासारखं करत होता, हे मोनालीला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. तो सरळ समोर बघत होता, शाळेतल्या पोरासारखा, हात कानाला लावून.

“बावीस,” शालिककाका म्हणाले. “लिव, पोरी.”

“डोमाले मत नाई ना जी, अध्यक्ष!” मागून आवाज आला. “आत्ताच तं शिक्षा देली तुमी.”

शालिककाकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“शिक्षा उद्यापासून,” ते म्हणाले. “आज तो संस्थेत हाये.”

मागचा माणूस काहीतरी बोलणार होता. त्यानं दाराकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मोनालीनं बावीस लिहिलं, काकांनी खाली सही केली, आणि लोक उठून सतरंज्या गोळा करायला लागले.

डोमाचा हात अजून वरच होता. मोनाली त्याच्याजवळ गेली, तो हात तिनं हळूच खाली घेतला, आणि घरापर्यंत सोडला नाही.